वर न बघणारा रंगारी

शिडीवर जन्म काढलेल्या माणसाला चक्कर यावी ती कुठं, तर गादीवर. रंगारी सकाळी जागा झाला, सवयीप्रमाणे डाव्या कुशीवर वळला आणि छत फिरायला लागलं. पंखा नव्हे, पंखा बंद होता. छतच, चारी कोपऱ्यांसकट, गरागरा. त्यानं गादीची कड दोन्ही हातांनी धरली. भूकंप झाला असावा असं वाटून त्यानं बायकोकडे बघितलं, तर ती शांत घोरत होती. भूकंपातही ही झोपून राहिली असती, यात त्याला शंका नव्हती. पण उशाशी ठेवलेल्या पेल्यातलं पाणीसुद्धा हललं नव्हतं.

थोड्या वेळानं छत आपल्या जागी येऊन बसलं. झोप कमी झाली असेल, असं म्हणून रंगारी उठला आणि कामावर गेला.

काम चाललं होतं लहान मुलांच्या एका नव्या दवाखान्यात. तिथली बसायची खोली गोल होती, आणि तिच्या छतावर कडेकडेनं जनावरांची रांग काढायची होती. हत्तीमागे गाढव, गाढवामागे बदक, बदकामागे उंट, अशी सगळी एका दिशेनं चाललेली. वर बघत बसलेलं पोर तेवढा वेळ सुई विसरेल, अशी कल्पना. कल्पना दवाखान्याच्या व्यवस्थापकांची. हे गृहस्थ बसलेले कुणी पाहिले नव्हते. जिन्यावरून धावत यायचे, अर्धं वाक्य बोलायचे आणि उरलेलं अर्धं बोलत धावत जायचे. रंगाऱ्यानं त्यांचं नाव घाईसाहेब ठेवलं होतं.

छताचं अर्धं वर्तुळ झालं होतं, आणि छान झालं होतं. परांची आता दुसऱ्या अर्ध्या भागाखाली हलवली होती. नवी फरशी आणि नवी बाकं खराब होऊ नयेत म्हणून परांचीला चहूबाजूंनी जुन्या चादरी टांगल्या होत्या, त्यामुळे आत वर काय चाललंय ते खालून दिसायची सोय नव्हती. खाली बसून रंग कालवायची ती रंगाऱ्याची बायको. शिडी धरायचीही तीच. लग्न झाल्यापासून दोघं जोडीनं काम करत होती, आणि भांडणंही जोडीनंच करत होती, म्हणजे एकानं सुरू केलं की दुसरा मागे राहत नसे.

त्या दिवशी रंगारी परांचीवर चढला, मान मागे टाकली, डावीकडे वर बघत जिराफाच्या पहिल्या रेघेला खडू लावला आणि सकाळचं सगळं परत सुरू झालं. छत निघालं डावीकडे, पायाखालच्या फळ्या निघाल्या कुठंतरी तिसरीकडेच. तो मटकन खाली बसला. हातातला खडू फळ्यांवरून घरंगळत जाऊन खाली पडला.

"काय हो, काय पाडलंत?" खालून बायको.

"खडू," रंगारी म्हणाला. कपाळाला घाम फुटला होता, पण आवाज त्यानं साधा ठेवला.

इथं कुणाही शहाण्या माणसानं खाली उतरून बायकोला सांगितलं असतं. रंगाऱ्यानं नाही सांगितलं, आणि त्याला कारण होतं. त्याला ज्यांनी हातात ब्रश धरायला शिकवलं त्या उस्तादांनी एकदा, एकदाच, चहा पिता पिता म्हटलं होतं की वर गेल्यावर मला जरा हलल्यासारखं होतं. झालं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना कुणी शिडी दिली नाही. लोक वाईट नव्हते, उलट काळजीनंच म्हणायचे, "उस्ताद, तुम्ही आपलं खालचं बघा." खालचं बघता बघता त्या माणसानं उरलेलं आयुष्य कुंपणं आणि बाकं रंगवली. ढग काढावेत तर उस्तादांनी, असं म्हणत असत लोक, आणि ते बसले होते गंज खरवडत. रंगाऱ्यानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. शिडीवरच्या माणसानं चक्कर हा शब्द उच्चारायचा नाही, ही त्याच्या धंद्यातली अलिखित रीत होती, आणि ती मोडायची त्याची छाती नव्हती.

आणि खरं सांगायचं तर शिडीइतकीच दुसऱ्या गोष्टीची भीती होती. डोक्यात आत काही बिघडलं असेल तर? तो विचार आला की रंगारी जोरात शीळ घालायचा.

दोन दिवसांत त्याच्या एवढं लक्षात आलं, की मान सरळ ठेवली तर काही होत नाही. चालताना नाही, वाकताना नाही, जिना उतरताना नाही. मान मागे टाकून वर बघितलं, पाठीवर आडवं झालं, किंवा डाव्या कुशीवर वळलं, की खेळ सुरू. म्हणजे चढायला हरकत नव्हती, फक्त वर बघायचं नव्हतं. छत रंगवणाऱ्याला वर न बघता काम करायला सांगणं म्हणजे गवयाला तोंड न उघडता गा म्हणण्यासारखं. पण अडला हरी काय करणार? रंगाऱ्यानं घरातला दाढीचा आरसा पिशवीत घातला.

आरसा त्यानं परांचीच्या फळीवर, पायाशी, उताणा ठेवला. आता खाली बघितलं की आरशात छत दिसायचं, आणि छताला टेकलेला आपला हात आणि ब्रशही दिसायचा. शेजारी कागदावरचं चित्र. कागदावर बघायचं, आरशात बघायचं आणि डोक्यावर काढत राहायचं. त्याला वाटलं होतं हाताची भंबेरी उडेल. पण हात उजवीकडे नेला की आरशातही उजवीकडेच जायचा, पुढे नेला की पुढेच जायचा. पहिल्या दिवशी जिराफ जरा थरथरला, पण दुसऱ्या दिवशी हाताला कळलं. डोळे खाली आणि हात वर, हे मेंदूनं इतकं बिनबोभाट मान्य केलं, की रंगाऱ्यालाच नवल वाटलं. आरशात जनावरं कागदावरच्यासारखी तंतोतंत दिसत होती. तो स्वतःवर इतका खूश झाला की त्यानं घोरपडीला दोन पापण्या जास्त काढल्या.

घरी मात्र सोंग वठवणं अवघड होतं. रात्री तो पाठीला उशा लावून बसल्यासारखा झोपायचा. कुणी हाक मारली की मान न वळवता सगळा देह वळवायचा.

"मानेत सळई घातलीय का?" बायकोनं विचारलं.

"ताठ राहावं माणसानं."

"आणि हनुवटीला कापलंय किती. आरसा कुठंय?"

"कामावर नेलाय. डोळ्यात कचरा गेला तर बघायला बरा."

"इतक्या वर्षांत नाही गेला तो कचरा आता जाणार का? कामावर आरसा न्यायचं वय आहे का हे?" असं म्हणून ती हसली, पण नंतर पोळपाट पुसावा तसा रंगाऱ्याचा चेहरा तिनं नजरेनं नीट पुसून बघितला. ताकाला तूर लागू द्यायची नाही असं ठरवलेल्या माणसाचं तोंड तिला चांगलं ओळखता येत होतं.

छत पुरं झालं. उद्घाटनाला अजून दोन आठवडे होते. घाईसाहेब धावत आले आणि म्हणाले, "चादरी काढा, बघू तरी," आणि रंगाऱ्यानं काही म्हणायच्या आत स्वतःच दोरी सोडली. चादरी खाली आल्या. दोघा मजुरांनी परांचीच्या फळ्या उतरवल्या. खोली एकदम मोठी झाली, आणि सगळ्यांनी माना वर केल्या.

"हे," घाईसाहेब म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाक्य मध्येच सोडून तिथंच उभे राहिले.

जुन्या अर्ध्या भागातली जनावरं एका दिशेनं चालली होती, आणि नव्या अर्ध्या भागातली बरोबर उलट. एका टोकाला जुना हत्ती आणि नवा पाणघोडा असे नाकाला नाक लावून उभे ठाकले होते, जसे अरुंद बोळात दोन हातगाडीवाले समोरासमोर यावेत आणि मागे कुणी सरायचं यावर अडून बसावेत. दुसऱ्या टोकाला जुनी शेळी आणि नवा जिराफ एकमेकांकडे पाठ फिरवून आपापल्या वाटेनं निघाले होते. आरशात सरळ दिसलेलं सगळं छतावर उलटं उतरलं होतं.

"यांचं काही भांडण झालंय का?" घाईसाहेबांनी विचारलं.

मजूर हसले. रंगाऱ्याची बायकोही हसणार होती, तेवढ्यात तिनं नवऱ्याकडे बघितलं. खोलीतली झाडून सगळी माणसं वर बघत होती, आणि ज्यानं ते छत रंगवलं तो आपल्या चपलांकडे बघत उभा होता. तिचं हसू तोंडातच राहिलं.

"अहो," ती जवळ जाऊन हळू आवाजात म्हणाली, "वर बघा."

"बघितलंय मी. मीच काढलंय."

"नाही बघितलंत. एकदा वर बघा. माझ्यासाठी."

रंगाऱ्यानं मान थोडी उचलली, डोळे गच्च मिटले आणि मान परत खाली घातली. झाकली मूठ उघडली. तिथंच एका नव्या कोऱ्या बाकावर बसून त्यानं सगळं सांगितलं: गादी, जिराफ, आरसा, उस्ताद. बायको त्याच्या पुढ्यात उभी राहून ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिच्या ओठांची रेघ होत गेली.

"इतके दिवस तुम्ही वर गरगरत होतात आणि मी खाली शिडी धरून गाणी म्हणत होते," ती म्हणाली. "आजपासून शिडी बंद."

हेच ते वाक्य. याच वाक्याच्या भीतीनं त्यानं एवढा खटाटोप केला होता, आणि ते ऐकायला मिळालं घरच्या माणसाकडून.

"जरा मी बोलू का?" दारातून कुणीतरी विचारलं.

दवाखान्यात कानाच्या डॉक्टर म्हणून येणाऱ्या बाई होत्या. आपल्या खोलीत सामान लावायला आल्या होत्या, हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं. त्यांनी बरंच ऐकलं असावं, कारण त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, उलट आवडता पदार्थ पानात पडावा तसा आनंद होता.

"कूस बदलली की फिरतं? डावीकडेच जास्त? आणि थोड्या वेळात आपोआप थांबतं?"

"हो."

"ऐकू नीट येतं? बोलताना जीभ अडखळत नाही, हातापायांतली शक्ती गेली नाही?"

"बोलणं कधीच अडखळत नाही त्यांचं," बायको म्हणाली. "खोटंसुद्धा सरळ बोलतात."

"चला माझ्याबरोबर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोघंही."

"पण तुम्ही तर पोरांच्या डॉक्टर," रंगारी म्हणाला.

"मोठ्यांचे कानही तसेच असतात हो. फक्त ते ऐकत नाहीत."

त्यांच्या खोलीतल्या तपासायच्या पलंगावरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. रंगारी त्यावर बसला तसं ते चुरचुरलं. डॉक्टरीणबाईंनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून डावीकडे वळवलं आणि म्हणाल्या, "आता मी तुम्हाला झटकन मागे आडवं करणार. फिरेल. भिऊ नका, डोळे मात्र उघडे ठेवा."

रंगारी झटकन मागे गेला आणि खोली फिरली. कपाट, खिडकी, डॉक्टरीणबाई, सगळं निघालं. रंगाऱ्यानं पलंगाची कड धरली, ती कमी पडली म्हणून बायकोचं मनगट धरलं.

"बघा, बघा त्यांचे डोळे," डॉक्टरीणबाई बायकोला म्हणाल्या.

बायकोनं वाकून बघितलं. बाहुल्या आपोआप झटके देत फिरत होत्या, थांबत होत्या, परत फिरत होत्या. नवऱ्याच्या डोळ्यांत इतक्या जवळून तिनं बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

"अगंबाई," ती म्हणाली, "नाचतायत की."

"कारण कानाला वाटतंय की हे फिरतायत. कानाच्या आत, ऐकायच्या भागाच्या शेजारी, तीन बारीक वाकड्या नळ्या असतात, पाण्यानं भरलेल्या. डोकं वळलं की पाणी हलतं आणि मेंदूला कळतं, आपण वळलो. त्यांच्या जवळच एका चिकट गादीवर बारीक बारीक खडे बसलेले असतात. कधीकधी त्यातले चार खडे सुटतात आणि भलत्या नळीत जाऊन पडतात. मग डोकं मागे टाकलं की खडे घसरतात, पाणी ढवळतं आणि कान ओरडतो, फिरतोय, फिरतोय."

"म्हणजे मेंदूत काही नाही?" रंगाऱ्यानं विचारलं. आडवाच होता, डोकं लटकलेलं होतं, पण हा प्रश्न उठून बसेपर्यंत थांबणारा नव्हता.

"मेंदू ठणठणीत आहे. तोल कसा सांभाळायचा याची खबर त्याला तिघं देतात. डोळे, कान, आणि पायांचे तळवे नि सगळे सांधे. डोळे म्हणतात उभा आहे, तळवे म्हणतात उभा आहे, आणि कान एकटा आरडाओरडा करतो. जो ओरडतो त्याचं मेंदू आधी ऐकतो."

"आमच्या घरात तेच चालतं," बायको म्हणाली.

एव्हाना खोली थांबली होती. डॉक्टरीणबाईंनी त्याचं डोकं सावकाश उजवीकडे वळवलं आणि थांबल्या. मग त्याला सबंध उजव्या कुशीवर घेतलं, इतकं की नाक जमिनीकडे झालं, आणि परत थांबल्या. हे सगळं त्या इतक्या संथपणे करत होत्या, जणू बाटलीतली गोटी वळणावळणानं तोंडाशी आणायचीय. मग उठवून बसवलं.

"झालं."

"काय झालं?"

"खडे नळीतून बाहेर आले. आता बघू." आणि परत डोकं डावीकडे, परत झटकन मागे.

रंगाऱ्यानं दातओठ आवळून वाट बघितली. कपाट कपाटाच्या जागी होतं. खिडकी खिडकीच्या जागी होती. डॉक्टरीणबाईंच्या नाकावर चष्म्याचा वण होता, तो आधी त्याला दिसलाच नव्हता. त्यानं डोळे उजवीकडे नेले, डावीकडे नेले, आणि मग त्याच्या पोटातून हसू यायला लागलं, ते त्याला आवरेना. उलट्या लटकलेल्या डोक्यानं तो हसत राहिला. बायकोच्या मनगटावर त्याच्या बोटांचे वळ उठले होते, पण ती ते चोळत नव्हती, तीही हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

"दोन दिवस बेतानं वागा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग हवं ते करा. कधीकाळी परत होऊ शकतं. झालं तर इथं या, आरसा घेऊन नव्हे."

रंगाऱ्याला यातलं "हवं ते करा" एवढंच ऐकू आलं. बायकोला "परत होऊ शकतं" एवढंच. कान दोघांचेही शाबूत होते.

तो धावतच गोल खोलीत गेला, मधोमध उभा राहिला आणि मान मागे टाकून वर बघितलं. छत जागचं हललं नाही. आरशात बघून केलेलं आपलं काम तो पहिल्यांदाच बघत होता. पाणघोड्याच्या तोंडाकडे बघितलं, जिराफाच्या पाठीकडे बघितलं, दोन पापण्या जास्त असलेल्या घोरपडीकडे बघितलं, आणि हसून हसून खाली फरशीवर बसला.

"राहू द्या आता," घाईसाहेब म्हणाले. "पोरांना गंमत वाटेल. मोडून परत काढायचं म्हणजे, नाही, नकोच, वेळ कुठंय?" आणि ते जिन्याकडे वळलेसुद्धा.

डॉक्टरीणबाईंनाही ते तसंच आवडलं. रांगेत निमूट चालण्यापेक्षा पोरांना भांडण जास्त आवडतं, त्या म्हणाल्या. बायको म्हणाली, "ऐका सगळ्यांचं. देवानं वाचवलंय, कशाला परत वर जाता?"

"पुसून परत काढणार," रंगारी म्हणाला.

"चूक झाली म्हणून? कुणी नावं ठेवत नाहीये."

"चुकीसाठी नाही गं." तो अजून वरच बघत होता, मान खाली घ्यायचं नावच घेत नव्हता. "मला वर बघायचंय. इतके दिवस फळ्या बघितल्या मी, फळ्या आणि चपला. वाटलं, संपलं, आता कुंपणंच. आता पुरता आठवडाभर मान दुखेपर्यंत वर बघायचंय. तू नको म्हणालीस तर नाही जाणार."

पुढचे दोन दिवस बायको रात्री जागी राहून त्याला डाव्या कुशीवर वळताना बघायची, आणि तो वळून घोरायला लागला की मगच पाठ टेकायची. त्याला हे माहीत नव्हतं, आणि तिनं कधी सांगितलंही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी रंगारी दवाखान्यात पोचला तेव्हा ती त्याच्या आधीच येऊन बसली होती. घाईसाहेबांना जिन्यातच गाठून तिनं होकार घेतला होता आणि परांचीच्या फळ्या परत चढवून घेतल्या होत्या. चादरी टांगल्या नव्हत्या. फरशीवर आणि बाकांवर अंथरल्या होत्या, म्हणजे वरचं तिला खालून सगळं दिसलं असतं. पांढरा रंग कालवून तयार होता. तिनं शिडी परांचीला लावली, खालच्या पायरीवर पाय रोवला आणि दोन्ही हातांनी दांडे धरले.

"चढा," ती म्हणाली. "मी धरलीय."

रंगारी चढला. वर पोचल्यावर त्यानं मान मागे टाकली, मुद्दाम डावीकडे वर बघितलं, खाली उभ्या बायकोला हात केला आणि पहिला फटकारा पाणघोड्याच्या तोंडावर मारला.